रांगेचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संख्याशास्त्र शिकवते. त्यात रांगांचा सिद्धांत हा माझा आवडीचा भाग, आणि ही गोष्ट ओळखीपाळखीत पसरल्यापासून बँकेतले, दवाखाना चालवणारे, खानावळवाल्या काकू, परीक्षेला बसलेली मुलं असे सगळेच गाठून तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सूत्रं शब्दांतच दिली आहेत. 'धरा' म्हणून दिलेले आकडे हिशोबापुरते आहेत, ते कुठल्या पाहणीतले नाहीत.

रांगेला कसलं आलंय गणित? माणसं येतात, उभी राहतात, काम झालं की जातात.

अगदी बरोबर, आणि गणितही एवढंच विचारतं. माणसं कशी येतात? एकेकाचं काम उरकायला किती वेळ लागतो? काम उरकणारे किती? या तीन गोष्टी कळल्या की रांग किती लांब होईल आणि किती वेळ थांबावं लागेल याचा अंदाज बांधता येतो.

'माणसं' हा शब्द मात्र सैल धरा. यंत्रावर चढायची वाट बघत पडलेले सुटे भाग, साहेबांच्या टेबलावरच्या फायली, सर्व्हरकडे आलेल्या विनंत्या, धावपट्टी मोकळी होईपर्यंत आभाळात घिरट्या घालणारं विमान, या सगळ्या रांगाच. फरक एवढाच की फायली कुरकुरत नाहीत.

तासाला २० लोक येतात आणि खिडकी तासाला २४ जणांचं काम उरकू शकते. मग रांग लागतेच कशी?

हा प्रश्न ज्याला पडला त्याला विषयाचा गाभा सापडला. इथे जरा थांबते.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, सरकारी रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीसमोरच्या बाकावर मी आणि एक विद्यार्थी सकाळभर वही घेऊन बसलो होतो. कोण कधी आलं, कधी खिडकीशी पोचलं, कधी बाजूला झालं, एवढंच लिहायचं. आत चष्मा लावलेल्या एक बाई, समोर रजिस्टर, सुतळीने खिळ्याला बांधलेलं पेन. नऊच्या सुमारास पाच-सात मिनिटं कोणी फिरकलंच नाही. बाईंनी रजिस्टरच्या रेघा आखून घेतल्या, पाणी प्यायल्या. नेमके तेव्हाच तिथून गेलेले एक साहेब म्हणाले, "काय बाई, आज मोकळ्याच?" मग एसटी आली. एका दमात चौदा माणसं खिडकीवर. चौथ्या नंबरच्या आजोबांना आधार कार्ड सापडेना. प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधी औषधाची पट्टी निघाली, मग लाइटचं बिल, मग नातवाचा फोटो. मागचे चुळबूळ करायला लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, सावकाश बघा." पुढचा अर्धा तास ती रांग हलली, पण संपली नाही.

यात कोणाची चूक होती? कोणाचीच नाही. ती मोकळी पाच-सात मिनिटं बाईंना डब्यात भरून ठेवता आली असती आणि एसटी आल्यावर काढता आली असती, तर रांग लागलीच नसती. पण गेलेला मोकळा वेळ गेला. रांग मात्र साचते. येणारे लोक घड्याळाच्या काट्यासारखे दर तीन मिनिटांना एक असे आले आणि प्रत्येकाचं काम बरोबर अडीच मिनिटांत झालं, तर २० आणि २४ च्या हिशोबात कोणालाच थांबावं लागणार नाही. खऱ्या जगात माणसं घोळक्याने येतात आणि कामं लहानमोठी असतात.

आता आकडा. लोक पूर्णपणे आपापल्या मर्जीने, एकमेकांशी न ठरवता येतात आणि कामाचा वेळही तसाच बेभरवशाचा आहे असं धरलं, तर या खिडकीवर सरासरी साडेबारा मिनिटं रांगेत उभं राहावं लागतं. आणि बाई? त्या तासाला सरासरी दहा मिनिटं मोकळ्या असतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. फक्त मोकळं बसणं बघणाऱ्या साहेबांना रांग दिसत नाही आणि रांगेतल्याला मोकळं बसणं दिसत नाही.

पण कर्मचारी मोकळा बसला तर पगार वायाच की!

साध्यातल्या साध्या नमुन्यात, म्हणजे एक खिडकी, एक रांग आणि वर सांगितलेला बेभरवसा, थांबण्याचा हिशोब असा निघतो: खिडकी कामात असण्याचा वेळ भागिले मोकळा असण्याचा वेळ, गुणिले एका कामाचा सरासरी वेळ. आमच्या बाई तासातली ५० मिनिटं कामात, १० मिनिटं मोकळ्या. भागाकार ५. गुणिले अडीच मिनिटं. झाले साडेबारा.

हाच भागाकार वेगवेगळ्या भाराला करून बघा. खिडकी ५० टक्के वेळ कामात असेल तर उत्तर १. ८० टक्के असेल तर ४. ९० टक्क्यांना ९. ९५ टक्क्यांना १९. म्हणजे ९० वरून ९५ वर नेलं, कागदावर 'कार्यक्षमता' जेमतेम पाच टक्क्यांनी वाढली, आणि लोकांचं थांबणं दुपटीहून जास्त झालं. १०० टक्के गाठायला गेलात तर छेदात शून्य येतं. रांग वाढतच जाते.

आमच्याच खिडकीवर २० ऐवजी २२ लोक यायला लागले तर साडेबाराची साडेसत्तावीस मिनिटं होतात. उलट एकेका कामातला अर्धा मिनिट वाचवला, म्हणजे अडीचचे दोन केले, तर थांबणं साडेबारावरून चार मिनिटांवर येतं. फॉर्मवरचा एक निरुपयोगी रकाना काढला तरी तो अर्धा मिनिट सुटतो. त्यामुळे 'माणूस मोकळा दिसला की त्याला आणखी एक काम द्या' हा सल्ला ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. तो मोकळा वेळ वाया गेलेला नसतो. रांग आटोक्यात ठेवण्याची ती किंमत असते.

हे सगळं सुरू कोणी केलं?

डेन्मार्कच्या आग्नर क्रारुप एरलांग यांनी. १८७८ चा जन्म, पेशाने आधी शिक्षक. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले योहान येन्सेन हे हौशी गणिती होते (येन्सेनची असमानता शिकलेल्यांना नाव ओळखीचं वाटेल, तेच हे). त्यांच्या ओळखीने एरलांग १९०८ मध्ये कंपनीत दाखल झाले. प्रश्न रोकडा होता. एक्स्चेंजमध्ये किती तारा टाकायच्या आणि किती ऑपरेटर बसवायचे? कमी ठेवले तर लोक खोळंबतात, जास्त ठेवले तर पैसा जातो.

१९०९ मध्ये त्यांनी दाखवलं की फोन येण्याची पद्धत प्वासॉं वितरणात बसते (एकमेकांशी न ठरवता घडणाऱ्या गोष्टी ठरावीक वेळात किती घडतील, याचं हे गणित). १९१७ मध्ये आली दोन मोठी सूत्रं: सगळ्या तारा गुंतल्या असताना फोन तुटण्याची शक्यता किती, आणि न तुटता थांबवून ठेवला तर थांबावं लागण्याची शक्यता किती. पुढे टेलिफोनच्या भाराच्या एककालाच 'एरलांग' हे नाव मिळालं. १९२९ मध्ये ते गेले. टेलिफोनचं जग तेव्हापासून पार बदललं, पण कॉल सेंटरमध्ये माणसांचा हिशोब आजही त्यांच्याच सूत्राने मांडतात.

सरासरी वेळ कमी केला की झालं ना?

नाही. चढउतारही तेवढाच महत्त्वाचा आहे, आणि लोक हमखास विसरतात ते नेमकं हेच.

धरा, तीच खिडकी, तेच तासाला २० लोक, सरासरी तीच अडीच मिनिटं. पण दहातल्या नऊ जणांचं काम एका मिनिटात होतं आणि दहाव्याचं सोळा मिनिटं चालतं. सरासरी काढून बघा, अडीचच येईल. तरी रांगेत थांबण्याचा वेळ साडेबारावरून साडेसव्वीस मिनिटांवर जातो. उलट प्रत्येकाचं काम ठरवून अडीच मिनिटांतच झालं, तर साडेबाराचे सव्वासहा होतात. सरासरी तिन्हीकडे एकच. या हिशोबाचं सूत्र फेलिक्स पोलाचेक यांनी १९३० मध्ये दिलं आणि अलेक्सांद्र खिंचिन यांनी १९३२ मध्ये. तेव्हापासून दोघांचं नाव जोडूनच घेतात.

आता त्या सोळा मिनिटवाल्यांना, म्हणजे ज्यांची कागदपत्रं अपुरी आहेत, नावात चूक आहे वगैरे, दुसऱ्या टेबलावर पाठवा. मुख्य खिडकीवर उरलेल्या नव्वद टक्के लोकांना सरासरी १३ सेकंद थांबावं लागेल. १३ मिनिटं नव्हे, सेकंद. आणि दुसऱ्या टेबलावरच्यांना सुमारे नऊ मिनिटं, म्हणजे त्यांचाही फायदाच. अट एकच: दुसऱ्या टेबलावर माणूस लागेल, आणि तो जवळजवळ निम्मा वेळ मोकळा दिसेल. पुन्हा ते साहेब तिथून जाणार!

लिटलचा नियम म्हणजे काय? परीक्षेला नेहमी येतो.

आत असलेल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले एकेकाचा आत राहण्याचा सरासरी वेळ. बस. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. याची गंमत अशी की माणसं कशी येतात, काम किती वेळ चालतं, आधी कोणाला घेतात, याची त्याला काही पडलेली नाही. लांब पल्ल्याच्या सरासऱ्या स्थिर असल्या की झालं.

खानावळवाल्या काकूंना विचारायचं होतं की गिऱ्हाईक सरासरी किती वेळ बसतं. घड्याळ घेऊन प्रत्येकाच्या मागे कोण लागणार? मी म्हटलं, दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजा आणि दिवसाच्या शेवटी ताटं मोजा. दुपारी १२ ते ३ मध्ये सरासरी ४० डोकी आणि तीन तासांत २४० ताटं, म्हणजे तासाला ८०. ४० भागिले ८० म्हणजे अर्धा तास. काकू म्हणाल्या, "मला वाटायचं तासभर बसतात मेले."

फायलींनाही हेच लागू. टेबलावर ३०० फायली साचल्या असतील आणि रोज २० निकाली निघत (आणि तेवढ्याच नव्या येत) असतील, तर 'दोन दिवसांत होऊन जाईल' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पंधरा दिवस.

सगळ्या खिडक्यांना मिळून एकच रांग चांगली, की प्रत्येक खिडकीला वेगळी?

थांबण्याच्या हिशोबाने एकच. दोन खिडक्या, प्रत्येकीची क्षमता तासाला २४, मिळून तासाला ४० लोक. वेगवेगळ्या रांगा लावल्या आणि लोक नशिबाने कुठेही उभे राहिले तर सरासरी साडेबारा मिनिटं. एकच रांग करून जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस पाठवला तर सुमारे ५.७ मिनिटं. ना माणूस वाढला, ना पगार. एक खिडकी रिकामी आणि शेजारच्या रांगेत माणसं तिष्ठत, हा वेडेपणा एका रांगेत होऊच शकत नाही.

खऱ्या जगात फरक इतका मोठा नसतो, कारण आपण लोक शेजारची रांग सरकली की टुणकन उडी मारतो. तरीही एका रांगेचा आणखी एक फायदा आहे: मागून आलेला आधी जात नाही. भांडणं वाचतात. तोटा म्हणजे एकच रांग लांबलचक दिसते आणि दारातूनच माणूस परत फिरतो. शिवाय किराणा भरलेली ढकलगाडी घेऊन दहाव्या काउंटरपर्यंत चालत जाण्यात वेळ जातो. म्हणून मोठ्या दुकानांत वेगळ्या रांगा दिसतात आणि बँकांत टोकन.

मी ज्या रांगेत उभा राहतो तीच नेमकी हळू का चालते?

तीन रांगा असतील तर तुमची सगळ्यात जलद असण्याची शक्यता तिनात एक. म्हणजे तीन वेळांतल्या दोन वेळा शेजारची कोणतीतरी रांग पुढे जाताना दिसणारच. आणि आपली रांग पळाली तो दिवस कोण लक्षात ठेवतो?

बस दर दहा मिनिटांनी असते म्हणतात. मग मला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागायला हवं. तसं होत नाही.

होत नाही, आणि तुमचं नशीब फुटकं आहे म्हणून नव्हे. दोन बसमधलं अंतर सरासरी दहा मिनिटं असलं तरी ती अंतरं सारखी नसतात. मुंबईत बेस्टची वाट बघणाऱ्याला माहीत आहे: वीस मिनिटं काही नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन बस एकीला एक चिकटून.

धरा, अंतरं आळीपाळीने १९ मिनिटं आणि १ मिनिट अशी आहेत. सरासरी दहाच. पण तुम्ही स्टॉपवर कधीही गेलात तर १९ मिनिटांच्या मोठ्या खड्ड्यात पडण्याची शक्यता ९५ टक्के आणि १ मिनिटाच्या फटीत ५ टक्के. त्यामुळे सरासरी थांबणं पाच नव्हे, नऊ मिनिटांच्या वर जातं. मोठ्या अंतरात जास्त प्रवासी सापडतात, एवढंच रहस्य. बस कंपनीने बसमधली अंतरं मोजली तर १० येतात. प्रवाशांना विचारलं तर जवळपास प्रत्येक जण '१९' सांगतो. कोणीच खोटं बोलत नाही.

आणि बस एकमेकींना का चिकटतात? एक बस जराशी मागे पडली की पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. चढाउतरायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, ती सुसाट येऊन तिला गाठते. न्यूएल आणि पॉट्स यांनी १९६४ मध्ये हे गणितात मांडलं. यावरचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो: मागच्या बसला एखाद्या स्टॉपवर मुद्दाम थांबवून ठेवायचं. आतले प्रवासी ड्रायव्हरला शिव्या देतात ते वेगळं.

अपॉइंटमेंट घेऊनही दवाखान्यात तासभर का बसावं लागतं?

यावर १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली यांनी काम केलं, बाह्यरुग्ण विभागाच्या वेळापत्रकांवर. त्यांना दिसलं की वेळा अशा आखलेल्या असतात की डॉक्टर एक क्षणही रिकामे बसू नयेत. त्याची किंमत रुग्ण बाकावर बसून मोजतात. त्यांचा आणि त्यांचे सहकारी वेल्च यांचा सल्ला साधा होता: सुरुवातीच्या वेळेला दोघांना बोलवा, म्हणजे एक जण आला नाही तरी डॉक्टर खोळंबत नाहीत. नंतर तपासणीच्या सरासरी वेळाइतक्या अंतराने एकेकाला.

आपल्याकडचं दुखणं थोडं वेगळं आहे. दहाची वेळ असलेले डॉक्टर पावणेअकराला आले आणि मधे कुठेही मोकळी जागा ठेवलेली नसेल, तर तो पाऊण तास दिवसभर प्रत्येकाच्या माथी बसतो. शेवटच्या रुग्णापर्यंत. म्हणून डॉक्टरांना मी नेहमी सांगते, दर तासाला एक वेळ कोणालाही देऊ नका. ती 'फुकट' जात नाही. मागचं साचलेलं तिथे जिरतं.

आणि नंबर लावून घरी जायची आपली जुनी पद्धत, कंपाउंडरच्या वहीत नाव टाकायचं, किंवा रेशनच्या दुकानापुढे चप्पल नाहीतर पिशवी ठेवून सावलीत बसायचं, तिला मी हसत नाही. त्याने थांबण्याचा वेळ कमी होत नाही, पण तो वेळ तुमचा राहतो. आजचं मोबाइलवरचं टोकन म्हणजे तीच चप्पल.

पंढरपूरच्या दर्शनबारीला हे गणित लागू होतं का?

होतं, पण वेगळ्या तऱ्हेने. वर सांगितलेली सूत्रं तेव्हा चालतात जेव्हा येणारे सरासरीने उरकणाऱ्यापेक्षा कमी असतात. आषाढीला काही दिवस येणारे कितीतरी जास्त असतात. तेव्हा योगायोग, घोळके वगैरे बारकावे बाजूला राहतात आणि रांग धरणात साठणाऱ्या पाण्यासारखी वागते. येवा जास्त, विसर्ग कमी, पातळी वाढणार.

अशा वेळी हिशोब सोपा होतो. पुढे किती माणसं आहेत भागिले मिनिटाला किती जण विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवून बाजूला होतात. धरा, पुढे ५४,००० माणसं आणि मिनिटाला ३० जण. १,८०० मिनिटं, म्हणजे ३० तास. बारी गोपाळपूरच्या दिशेला किती लांब गेली यावर काही नाही. गाभाऱ्याचा उंबरा ठरवतो.

त्यामुळे उपायही उंबऱ्याशीच सापडतात. आषाढीच्या काळात देवाचा पलंग काढतात आणि दर्शन चोवीस तास सुरू राहतं. देव भक्तांसाठी झोपत नाही ही श्रद्धा, आणि गणिताच्या भाषेत, सेवा देण्याचे तास वाढवले. लांबून मुखदर्शन घेणाऱ्यांची रांग वेगळी ठेवतात, हे आमच्या दुसऱ्या टेबलासारखंच. रांगेत पत्र्याच्या शेड, पाणी, बसायला जागा यांनी वेळ एका मिनिटानेही कमी होत नाही. त्या माणुसकीच्या गोष्टी आहेत, आणि त्या करायलाच हव्यात.

मधूनच कोणाला सोडलं तर किती फरक पडतो?

कुठलंही मोठं देवस्थान धरा. वरचाच हिशोब: मिनिटाला ३० पैकी ५ जण बाजूच्या दाराने. रांगेच्या वाट्याला उरले २५. ५४,००० भागिले २५ म्हणजे ३६ तास. मिनिटाला पाच माणसं 'पटकन' गेली आणि रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्याचे सहा तास वाढले. प्राधान्याने एकूण थांबणं नाहीसं होत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर जातं.

अपवाद एक आहे, आणि तो मला आवडतो. "ताई, फक्त एक सही हवी आहे हो, जाऊ का?" म्हणणाऱ्याला सोडावं. तुमचं काम दहा मिनिटांचं, त्याचं एक मिनिटाचं. तुम्ही आधी गेलात तर तुम्ही दहाव्या मिनिटाला सुटता, तो अकराव्या, सरासरी साडेदहा. त्याला आधी सोडलं तर तो पहिल्या मिनिटाला आणि तुम्ही अकराव्या, सरासरी सहा. अर्थात त्याचं काम खरंच एका सहीचं असेल तर.

टोलनाक्यावर फास्टॅगने काय बदललं?

फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. लोक म्हणतात, वेळ वाचला. माझ्या मते जास्त मोठी गोष्ट म्हणजे चढउतार आटला. सुटे पैसे, पावती, हुज्जत, यात एक गाडी दहा सेकंद घ्यायची आणि दुसरी दोन मिनिटं. आता बहुतेक गाड्यांचा वेळ जवळपास सारखा. म्हणूनच एखाद्याचा टॅग वाचला गेला नाही, मागून हॉर्न सुरू झाले आणि कर्मचारी हातातलं यंत्र घेऊन धावला, की ती गाडी आमच्या सोळा मिनिटवाल्यासारखी सगळ्यांना बुडवते. टोलनाक्यांवरचा मोजणीचा पहिला गाजलेला अभ्यास न्यूयॉर्कच्या बंदर प्राधिकरणातल्या लेस्ली एडी यांचा, १९५४ चा. कुठल्या वेळेला किती खिडक्या उघड्या ठेवायच्या याचं वेळापत्रक त्यांनी मोजमापावरून काढलं, अंदाजावरून नाही.

आमच्याकडे फोन घ्यायला किती माणसं बसवू?

तासाला १०० फोन, प्रत्येकी सरासरी तीन मिनिटं. म्हणजे तासाला ३०० मिनिटांचं काम, म्हणजे पाच माणसांचं. या भारालाच ५ एरलांग म्हणतात. पाच जण बसवलेत तर बुडालात, कारण कोणी श्वासही घेणार नाही. सहा बसवले तर फोन करणाऱ्याला सरासरी पावणेदोन मिनिटं थांबावं लागेल. सात बसवले तर २९ सेकंद. आठ बसवले तर १० सेकंद. सहाव्यानंतरच्या सातव्या माणसाने जी कमाल केली ती आठव्याला जमली नाही, हे बघून ठेवा.

घाईत असाल तर एक ठोकताळा: भार अधिक भाराचं वर्गमूळ. ५ ला सव्वासात, म्हणजे सात. भार १०० एरलांग असेल तर ११० माणसं. मोठ्या केंद्रात माणसं ९१ टक्के वेळ कामात असूनही फोन पटकन उचलले जातात, लहान केंद्रात तसं करायला गेलात तर लोक फोन आपटतील. त्यामुळे मोठ्या शहरातल्या केंद्राचे 'कार्यक्षमतेचे' आकडे दाखवून चार माणसांच्या शाखेला झापणं हे गणिताला धरून नाही.

लोक कंटाळून निघून जातात, त्याचा हिशोब धरतात का?

धरतात. काही जण रांग बघून आत येतच नाहीत, काही थोडा वेळ थांबून जातात. यात एक सापळा आहे. माणसं निघून गेल्याने रांग छोटी राहते आणि अहवालात 'सरासरी थांबणं फक्त चार मिनिटं' असं छान दिसतं. गेलेले कोणी मोजतच नाही.

एम/एम/१ वगैरे काय भानगड आहे?

डेव्हिड केंडल यांनी १९५३ मध्ये पाडलेली लघुलिपी. पहिलं अक्षर येण्याची तऱ्हा, दुसरं कामाच्या वेळाची, शेवटी खिडक्या किती. 'एम' म्हणजे रशियन गणिती मार्कोव्ह यांच्या नावाचा, ज्या तऱ्हेला मागचं काही आठवत नाही: शेवटचा माणूस येऊन दहा मिनिटं झाली म्हणून पुढचा लवकर येईल असं नाही. 'डी' म्हणजे ठरीव वेळ, 'जी' म्हणजे कसाही. केसपेपरची खिडकी कागदावर एम/एम/१, पण एसटी आली की नाही. एसटीतली चौदा माणसं एकमेकांशी न ठरवता आलेली नसतात.

मग खऱ्या कामाला सूत्र वापरू की संगणकावर रांगेची नक्कल (सिम्युलेशन) चालवू?

आधी सूत्र, पाकिटाच्या मागे. उत्तर पाच मिनिटं येतंय की पन्नास, हे तेवढ्यात कळतं. घोळके, जेवणाची सुट्टी, दोन खिडक्या फिरून यायचं काम असे गुंते असतील तर नक्कल. पण मोजल्याशिवाय दोन्ही व्यर्थ. किमान एक गर्दीचा आणि एक साधा दिवस बसून तीन रकाने भरा: आला, खिडकीशी पोचला, निघाला. मिनिटं नको, सेकंद लिहा. आणि परत फिरलेल्यांसाठी चौथा रकाना ठेवा.

रांगेत असताना तुम्ही स्वतः काय करता?

पुढची डोकी मोजते. मग घड्याळ लावून दहा मिनिटांत किती जण सरकले ते बघते आणि भागाकार करते. उत्तर पाऊण तासाच्या आत असेल तर उभी राहते. जास्त असेल तर मागच्या बाईंना सांगून चप्पल ठेवते आणि चहाला जाते.